श्रेयनामावलीत नाव

‘एलिझाबेथ एकादशी’ भिवंडीत बसून पाहिला की त्यातली सायकल जरा मागे सरते आणि मशीन पुढे येतं. चित्रपट सायकलचाच आहे, त्यात वाद नाही. वडिलांनी स्वतःच्या हातांनी बनवलेली ‘एलिझाबेथ’ विकायची पाळी येते. मग ती वाचवायला पंढरपूरचा ज्ञानेश, त्याची धाकटी बहीण झेंडू आणि त्यांची दोस्तमंडळी कार्तिकीच्या गर्दीत आईच्या नकळत बांगड्यांचं दुकान मांडतात. पण सायकल विकायची पाळी येते कशामुळे? नवरा गेलेल्या त्या बाईचं स्वेटर विणायचं मशीन कर्जापायी जप्त झालेलं असतं.

भिवंडीत ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. इथे सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आणि मधला माग तेवढा आपला, तोही बहुतेकदा कर्जावर. मागवाल्याच्या हाती पडते ती मजुरी. मंदी लांबली की माग किलोच्या भावाने भंगारात जातो आणि त्या गाळ्यात दुसरंच काहीतरी सुरू होतं. पॉवरलूमच्या गावाला मशीन उचलून नेणं म्हणजे काय हे ठाऊक असतं. त्यामुळे नंदिता धुरी यांनी उभी केलेली ती कडक, कमी बोलणारी आई इथल्या प्रेक्षकाला पडद्यावरची वाटत नाही. शेजारच्या खोलीतली वाटते.

हा चित्रपट २०१४ च्या बालदिनी प्रदर्शित झाला आणि त्याला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दिग्दर्शक परेश मोकाशी, हे चटकन आठवतं. लेखन मधुगंधा कुलकर्णी यांचं, हे आठवायला बऱ्याच जणांना क्षणभर थांबावं लागतं. त्या मुळात अभिनेत्री. नटीने लिहिलेलं आहे हे मला या चित्रपटात जागोजागी जाणवतं. त्यातल्या पोरांची वाक्यं तोंडात बसतात, श्वास कुठे घ्यायचा ते वाक्यातच ठरलेलं असतं. पोरं शिव्याही देतात, पण त्या मोठ्या माणसाने मुलांच्या तोंडी घातलेल्या वाटत नाहीत. वाक्य म्हणताना जीभ कुठे अडखळते, हे ज्याने चारशे माणसांसमोर अडखळून पाहिलेलं असतं त्याला ते लिहिताना आधीच कळतं.

अभिनय करता करता लेखणी हाती घेतलेल्या मराठी बायका मोजायला बसलं तर यादी बरीच लांबते. तरी ‘पटकथालेखिका’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर चेहरा येत नाही. ‘नटी’ म्हटल्यावर दहा येतात.

मधुगंधा कुलकर्णींचं सर्वाधिक लोकांनी ऐकलेलं लेखन पंढरपूरच्या गोष्टीतलं नाही. ते आहे ‘होणार सून मी ह्या घरची’ या मालिकेतलं. २०१३ च्या जुलैपासून २०१६ च्या जानेवारीपर्यंत झी मराठीवर ती चालली आणि श्री-जान्हवी ही जोडी घरोघर पोचली. सहा सासवा एका घरात आणि त्यांतली एकही खाष्ट नाही, ही कल्पना मराठी मालिकांच्या हिशेबात उलटीच होती. सासू-सुनेच्या भांडणाशिवाय रोज अर्धा तास भरून दाखवणं सोपं नसतं. पुढे जान्हवीचं बाळंतपण लांबलं, लांबतच गेलं, आणि व्हॉट्सअॅपवर विनोदांचा पूर आला. मालिका किती ताणायची हे वाहिनी आणि टीआरपी ठरवतात. हशा मात्र लिहिणाऱ्याच्या खात्यावर जमा होतो. श्रेयाला उशीर लागतो, दोषाला लागत नाही.

मालिकेचं लेखन चालतं कसं, हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. आधी ‘वन लाइन’ बनते, म्हणजे कुठल्या भागात काय घडणार याचा धागा. वाहिनीची माणसं तो तपासतात. मग पटकथाकार प्रसंगांचा क्रम लावतो. शेवटी संवादलेखकाकडे कागद येतो तेव्हा सेटवर मेकअप सुरू झालेला असतो. कलाकाराची तारीख हुकली तर रात्रीतून प्रसंग बदलायचा. ‘आई कुठे काय करते’ची मूळ कल्पना बंगाली मालिकेवरून आलेली. पण अरुंधतीची मराठी ही मुग्धा गोडबोले यांची मराठी आहे. त्याही मुळात अभिनेत्रीच. कथानक उसनं आणता येतं, पण स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून नवऱ्याला न दुखवता टोमणा कसा मारायचा हे उसनं मिळत नाही. आणि एवढं झाल्यावर त्या संवादलेखिकेचं नाव पडद्यावर किती वेळ दिसतं? पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात सुरू होते तेव्हा नावांची पट्टी कोपऱ्यात आक्रसून पळत असते.

हे दुखणं जुनं आहे, पहिल्या चित्रपटाइतकं. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी सरस्वतीबाई फाळके यांनी कच्च्या फिल्मला भोकं पाडली, रसायनं कालवली, उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड परतवला, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. तारामतीचं काम करशील का, असं दादासाहेबांनी विचारलं तेव्हा, मग बाकीचं कोण करणार, असं म्हणून त्यांनी नकार दिला असं सांगतात. तारामती झाले अण्णा साळुंके. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या आणि बाईने पडद्यावर यायचं की नाही हा प्रश्न मिटला. पडद्यामागे तिने जे केलं त्याला काय म्हणायचं हा प्रश्न तसाच राहिला. परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त सरस्वतीबाई साकारल्या विभावरी देशपांडे यांनी, आणि त्याही पुण्याच्या ग्रिप्स चळवळीत नाटकं लिहिणाऱ्या. हा योगायोगच, पण मला आवडलेला.

लेखणी आणि अभिनय दोन्ही सांभाळणाऱ्यांमध्ये शकुंतला परांजपे यांची गोष्ट वेगळीच आहे. रँग्लर परांजप्यांची मुलगी, केंब्रिजात गणित शिकलेली. १९३७ साली शांतारामबापूंच्या ‘कुंकू’मध्ये शांता आपटेंच्या नीरासमोर सुशीला म्हणून त्या उभ्या राहिल्या. बापाने केलेल्या विजोड लग्नावर त्याची स्वतःची मुलगी सावत्र आईच्या बाजूने बोलते, असा तो प्रवेश आजही धारदार वाटतो. पटकथा अर्थातच त्यांची नव्हती. गोष्ट ना. ह. आपट्यांची. शकुंतलाबाई पुढे कादंबऱ्या, नाटकं लिहीत राहिल्या, रघुनाथराव कर्व्यांबरोबर संततिनियमनाचं काम करत राहिल्या, आणि सिनेमा त्यांनी सोडून दिला.

तो उचलला त्यांच्या मुलीने. सई परांजपे यांचं ‘मुलांचा मेवा’ हे पुस्तक आलं तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. मग आकाशवाणी, पुण्यातली बालनाट्यं, राष्ट्रीय नाट्य विद्यालय, दिल्ली दूरदर्शन. बालनाट्याला आपल्याकडे कुणी पटकथेची शाळा म्हणत नाही. पण सात वर्षांच्या प्रेक्षकाइतका कठोर परीक्षक दुसरा नाही. कंटाळा आला की तो उठून सरळ पाणी प्यायला जातो. सईंच्या ‘चष्मेबद्दूर’मधला एकही प्रसंग गरजेपेक्षा अर्धा मिनिट जास्त रेंगाळत नाही, याचं मूळ मला तिथे दिसतं. दिल्लीतल्या अंधशाळेत पाहिलेल्या माणसांवरून लिहिलेल्या ‘स्पर्श’च्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आईने दुसऱ्याचे संवाद म्हटले, मुलीने दुसऱ्यांना संवाद दिले. एका घरात एवढं अंतर कापायला चाळीसेक वर्षं गेली.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत सुषमा शिरोमणी यांनी वेगळाच रस्ता धरला. ‘भिंगरी’, ‘फटाकडी’, ‘मोसंबी नारंगी’ या त्यांच्या चित्रपटांच्या त्या निर्मात्याही होत्या आणि नायिकाही. पुढे दिग्दर्शनही केलं. पैसा आपला असला की कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. समीक्षकांनी या चित्रपटांकडे नाक मुरडलं, ते सगळं अन्याय्य होतं असं मी म्हणणार नाही, पण तालुक्याच्या थिएटरात बाईच्या नावावर तिकीट विकलं गेलं, एवढं तरी नोंदवायला हवं होतं.

आता भिवंडीकडे वळायचं, तर इथून एका मोठ्या पटकथेचा उगम झाला हे भिवंडीकरांनाही फारसं माहीत नाही. १९७० च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर इथे दंगल उसळली. नंतर न्यायमूर्ती मादोन आयोगाने तिची चौकशी केली. दंगलीनंतर बलराज साहनींबरोबर त्यांचे धाकटे भाऊ भीष्म साहनी इथे येऊन गेले. जळलेली घरं आणि बंद पडलेले माग पाहून त्यांना १९४७ चं रावळपिंडी आठवलं, आणि परत जाऊन ते ‘तमस’ लिहायला बसले, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. कादंबरीला १९७५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये गोविंद निहलानींनी ‘तमस’ दूरदर्शनवर आणली, तेव्हा म्हाताऱ्या हरनामसिंगच्या भूमिकेत स्वतः भीष्म साहनी होते, आणि त्यांच्या बायकोच्या भूमिकेत दीना पाठक. लेखक स्वतःच्याच पात्राच्या अंगात शिरला. त्यांच्याबाबतीत कुणी विचारलं नाही की हा नट आहे का लेखक. हा प्रश्न बहुतेक वेळा बाईचाच पडद्यावर आणि पडद्यामागे दोन्हीकडे पाठलाग करतो.

रेणुका शहाणे यांचं उदाहरण घ्या. ‘सुरभि’चं हसू आणि ‘हम आपके हैं कौन’मधली वहिनी, ही ओळख इतकी पक्की की २००९ मध्ये त्यांनी आई शांता गोखले यांच्या ‘रीटा वेलिणकर’वरून ‘रीटा’ केला तेव्हा लोकांना नवल वाटलं. २०२१ च्या जानेवारीत नेटफ्लिक्सवर आलेला ‘त्रिभंग’ तर त्यांनी स्वतंत्र लिहिला. तन्वी आझमींची नयन ही लेखिका आहे. घरात लिहायला बसते म्हणून सासूशी खटका उडतो, ती मुलांना घेऊन बाहेर पडते, आणि त्या बाहेर पडण्याची किंमत मुलं चुकवतात. लिहिणाऱ्या बाईबद्दल लिहिताना तिला सरसकट पूजेला बसवलं नाही, हे मला त्या पटकथेतलं सगळ्यात धाडसाचं वाटतं. काजोलची अनुराधा आईला शिव्या देते आणि पटकथा त्या शिव्या खोडून काढत नाही. चित्रपट शेवटी थोडा गोडावला आहे, ते असो.

मधुगंधा कुलकर्णी यांनीही नंतर आपली वाट वाकडी केली. पती परेश मोकाशींबरोबर लिहिलेली ‘वाळवी’ २०२३ च्या जानेवारीत आली. बायकोचा काटा काढून तो आत्महत्येत खपवायचा बेत, आणि मग बेतावर बेत उलटत जातात. ७० व्या राष्ट्रीय पुरस्कारांत ती सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरली. ‘एलिझाबेथ’ लिहिणाऱ्या हातानेच हे लिहिलं आहे हे सांगूनही पटत नाही. पुढच्या वर्षी ‘नाच गं घुमा’त नोकरी करणारी राणी आणि तिच्या घरी काम करणाऱ्या आशाताई, या दोघींवर अख्खा चित्रपट उभा राहिला. मुक्ता बर्वे आणि नम्रता संभेराव यांच्यात वाक्यांची वाटणी इतकी समसमान आहे की मालकीण कोण आणि मोलकरीण कोण याचा हिशेब मध्येच चुकतो. पण नवरा-बायकोची नावं लेखनात शेजारी-शेजारी आली की प्रेक्षक मनातल्या मनात लेखन नवऱ्याच्या नावे करून टाकतो. पुरस्काराच्या बातमीतही तसंच होतं. यात मोकाशींचा काही दोष नाही, सवय आपली आहे.

नाव पडद्यावर येणं ही हौसेची गोष्ट असती तर एवढं लिहिलं नसतं. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपट थिएटरबाहेर, म्हणजे टीव्हीवर किंवा मोबाइलवर दाखवला गेला, तर लेखकाला रॉयल्टीतला समान वाटा मिळायला हवा आणि हा हक्क त्याने करारात सोडून दिला तरी तो सुटत नाही, असं तो कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वसुली किती होते हा वेगळा विषय. कलाकारांनाही त्याच दुरुस्तीने रॉयल्टीचा हक्क दिला, पण एक पाचर मारून. ज्याचं काम किरकोळ आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, त्याला कायदा ‘कलाकार’ मानतच नाही. आपल्या कामाची मोडतोड अडवण्याचा नैतिक हक्क तेवढा राहतो, पैशाचा हक्क जातो. गर्दीत उभ्या राहणाऱ्या मुलीला हे कुणी सांगत नाही. ती पहिल्या कामाला ‘एक्स्पोजर’ म्हणून जाते, नाव मागायला लाजते, आणि न मागितलेल्या नावाबरोबर बरंच काही हातचं जातं. लिहिणाऱ्या नटीला दोन दारं आहेत, लेखकाचं आणि कलाकाराचं. दोन्हींवर पाटी तिच्याच नावाची असायला हवी.

यात एक गंमत आहे. परदेशातल्या लिहिणाऱ्या नट्या स्वतःसाठी लिहितात. इंग्लंडच्या फीबी वॉलर-ब्रिजने ‘फ्लीबॅग’ आधी रंगमंचावर एकटीने केलं, मग मालिका लिहिली, आणि मुख्य भूमिका अर्थातच तिची. मायकेला कोएलनेही ‘आय मे डिस्ट्रॉय यू’ स्वतः लिहिली आणि मुख्य भूमिकाही स्वतःच केली. आपल्याकडच्या मात्र लिहायला लागल्या की भूमिका दुसरीला देऊन टाकतात. ‘त्रिभंग’मध्ये रेणुका शहाणे दिसत नाहीत. मृण्मयी देशपांडे ही ‘कुंकू’ मालिकेची जानकी, ‘नटसम्राट’, ‘कट्यार काळजात घुसली’ अशी कामं केलेली. तिने ‘मन फकीरा’ लिहिला, दिग्दर्शित केला, आणि नायिका झाल्या सायली संजीव आणि अंजली पाटील. तो ६ मार्च २०२० ला लागला आणि दुसऱ्याच आठवड्यात करोनाने थिएटरं बंद झाली. याला विनय म्हणावं का? मला तो संकोच वाटतो. स्वतःसाठी चांगली भूमिका लिहिली तर लोक काय म्हणतील, हा तो संकोच. नटांनी स्वतःसाठी चित्रपट काढले तेव्हा कुणी काही म्हटलं नव्हतं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मात्र मृण्मयीने तो मोडला. लेखन तिचं, दिग्दर्शन तिचं, नायिकाही तीच. चित्रपटाचं नाव ‘मनाचे श्लोक’. नावावरून वाद पेटला, खेळ बंद पडले, आणि चित्रपट ‘तू बोल ना’ या नावाने पुन्हा लावावा लागला.

भिवंडीतल्या एखाद्या मुलीला या वाटेने जायचं असेल तर ती निघते कुठून? बीएनएन महाविद्यालयातून, किंवा मोमीन महिला महाविद्यालयातून. तिथून मुंबई विद्यापीठाचा युवा महोत्सव, मग एकांकिका स्पर्धा, आणि सगळं जमून आलं तर ‘सवाई’, म्हणजे विजेत्या एकांकिकांची स्पर्धा. एकांकिकेत संहिता कुणाची असते ती एकदा तपासून पाहावी. तालमीत मुली वाक्यं बदलतात, प्रसंग सुचवतात, शेवट फिरवतात, आणि लेखक म्हणून नाव लागतं पहिल्या दिवशी चार पानं घेऊन आलेल्या मुलाचं. गळती इथूनच सुरू होते.

दुसरी अडचण रस्त्याची. अंधेरी नकाशावर जवळ दिसते. पण भिवंडी रोड स्टेशन दिवा-वसई मार्गावर, तिथे दर चार मिनिटांनी लोकल येत नाही. काल्हेर-कशेळीवरून ठाणं गाठायचं, नाहीतर कल्याणला जायचं, गोदामांच्या कंटेनरमधून वाट काढत. मेट्रो पाचचे खांब धामणकर नाक्यापर्यंत उभे दिसतात. मालिकांचं चित्रीकरण घोडबंदर रोडला चालतं, म्हणजे खाडीपलीकडे. बारा तासांची शिफ्ट रात्री संपली की ती खाडी रुंद होते. म्हणूनही मुली लेखनाकडे वळतात, यात कमीपणा काही नाही. लेखन घरून होतं आणि रात्री अकराला रिक्षा शोधावी लागत नाही.

मालेगाव हे भिवंडीसारखंच यंत्रमागांचं गाव. तिथल्या हौशी सिनेमाचं देशभर कौतुक झालं. फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट आणि २०२५ मधला रीमा कागतींचा चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला. पण त्या गावातल्या सिनेमात गावातल्या बायका नव्हत्या. नायिका बाहेरून आणाव्या लागत. लिहिणारी बाई तर लांबच.

भिवंडीत लिहायला मालाची कमतरता नाही. कामतघर-पद्मानगरात तेलुगू बोलत घरी कांड्या भरणाऱ्या बायका आहेत. आगरी गावांत गोदामाच्या भाड्यावर वाढलेली नवी श्रीमंती आहे, तिच्यातली भांडणं आहेत, हळदीच्या रात्री आहेत. उर्दूत शिकून मराठीत परीक्षा देणाऱ्या मुली आहेत. उत्तरेतून आलेला कामगार आणि गावची घरमालकीण यांची मोडकी हिंदी आहे. तीत भाड्याचा तगादाही होतो आणि ईदचा शिरखुर्माही पोचतो. मराठी मालिकेत भिवंडीचं नाव येतं ते गुंड पळून जातो तेव्हा. आगरी बोलली जाते ती हसवायला. या बोलीत कुणी रडताना, हट्ट धरताना, जामीनदार शोधताना पडद्यावर फारसं दिसलेलं नाही. ते वाक्य कुठे तोडायचं हे तिथे वाढलेल्या मुलीला कळतं, अंधेरीच्या मीटिंगमध्ये बसलेल्या माणसाला विचारून कळत नाही.

अशी मुलगी पटकथा घेऊन निर्मात्यापुढे बसते तेव्हा त्याला ‘नॅरेशन’ म्हणतात. कागद वाचत नाहीत, ऐकवावा लागतो, सगळी पात्रं आवाजात उभी करत. इथे नटीची सरशी होते. ऑडिशनला तिला चार ओळी आणि दोन मिनिटं मिळतात, नॅरेशनला दीड-दोन तास सगळ्या भूमिका तिच्याच. मात्र त्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे संहितेची नोंद करून तारीख पक्की करावी लागते. आणि बोलणं पुढे गेलं की करारात पाहावं लागतं, कथा, पटकथा आणि संवाद यांपैकी कुठल्या रकान्यात तिचं नाव लिहिलंय, आणि शेजारी आणखी कुणाचं.